साहेबाचा मोठा वस्तरा

माझे वडील न्हावी होते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते न्हाव्याच्याच घरात घडू शकतं. शिवाय लपवण्यासारखं त्यात काही नाही. कृष्णाकाठच्या एका गावात पिंपळाखाली धोकटी उघडून बसणाऱ्या माणसाचा मुलगा बी.ए. झाला, परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या नोकरीत लागला आणि बदली होऊन कलकत्त्याला आला. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. तेव्हा ही पदवी मी काही नम्रपणानं बाळगत नाही. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांनी नम्र व्हावं, त्यांना ते परवडतं.

फाळणीनंतरची ती वर्षं. कलकत्त्यात माणसाला उभं राहायला जागा नव्हती, मग खोली कुठून मिळणार? शेवटी मला डमडमला, शहराच्या उत्तर टोकाला, एका जुन्या बागेतल्या घराचा खालचा भाग भाड्यानं मिळाला. दोन खोल्या, एक रुंद ओसरी आणि मागं तळं म्हणावं की डबकं असा वाद घालता येईल एवढं पाणी. पूर्वी तिथं कुणी गोरा साहेब राहत असे. आताचे मालक भवानीपूरला राहत आणि कधी फिरकत नसत. घराभोवती आवार मात्र भलंमोठं. बायको तेव्हा बाळंतपणासाठी पुण्याला माहेरी होती. तिला मी लिहिलं की आपल्याला बाग आहे. ते खरंच होतं. बागेत काय उगवलंय ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

उगवलं होतं ते असं. पुरुषभर उंच काश गवत, त्याच्या खाली टाकळा, आघाडा, घाणेरी, कचूची, म्हणजे रानअळूची, सुपाएवढी पानं, आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारी एक वेल, जिला हात लागला की रात्रभर खाजवत बसावं लागे. आई गेल्यावर वडील, म्हणजे आमचे आबा, माझ्याकडेच राहायला आले होते. पहिल्या दिवशी ओसरीवर उभं राहून त्यांनी आवारावर नजर फिरवली आणि म्हणाले, "ह्या गिऱ्हाइकाला लई वरसांत न्हावी भेटला न्हाय."

तरी आमचं बरं चाललं होतं. पण पावसाळ्यात पुण्याचे एक गृहस्थ ऑफिसच्या कामानं कलकत्त्यात आले. परमुलखात आपलं माणूस भेटलं म्हणून मी त्यांना जेवायला बोलावलं. ते जेवले, ओसरीवर हात धुतले, हात धुता धुता समोर पाहिलं आणि पुण्याला जाऊन थेट माझ्या सासऱ्यांच्या खुर्चीत बसले.

सासरे आमच्याच जातीचे, पण त्यांचं पुण्यात 'हेअर कटिंग सलून' होतं. फिरत्या खुर्च्या, समोरासमोर आरसे, भिंतीवर बाटल्या. आबांना ते न्हावी मानत नसत आणि आबा त्यांना दुकानदार म्हणत. तर त्या खुर्चीत, तोंडाला फेस लावलेला असताना, पाहुण्यांनी आमच्या बागेचं वर्णन केलं. आठवड्याभरात सासऱ्यांचं पत्र आलं. 'जावईबापू जंगलात राहतात असे ऐकतो. सापही असल्याचे समजते. दसऱ्यास मुलीला व नातवाला घेऊन स्वतः येत आहे. जागा माणसांनी राहण्याजोगी दिसली तर दोघांना ठेवून जाईन. न दिसल्यास आपणांस शहरात पक्की जागा मिळेपर्यंत दोघे पुण्यासच राहतील.'

शहरात पक्की जागा! कलकत्त्यात तेव्हा लोक शियालदा स्टेशनाच्या फलाटावर संसार मांडून बसले होते. म्हणजे बायको आणि मुलगा कधी येणार, तर कधीच नाही, असा त्या पत्राचा सरळ अर्थ होता. मुलाला मी एकदाच पाहिलं होतं, बारशाला. तेव्हा तो झोपलेला होता. आता तो रांगतो असं बायकोनं लिहिलं होतं.

"आबा, दसऱ्याच्या आत हे सगळं आवार साफ झालं पाहिजे."

"लाव मानसं."

माणसं लावायची तर ती हवीत ना. एरवी त्या भागात हेंशो नावाचं वाकडं, लांब पातं घेऊन रान कापणारे मजूर मिळत. पण दुर्गापूजा जवळ आली होती. पूजेच्या आधी कलकत्त्यात कुठलंही काम सांगा, उत्तर एकच येतं, पूजेनंतर. नळ गळतोय? पूजेनंतर. दात दुखतोय? पूजेनंतर. मी तिघाचौघांना विचारलं. एकानं तर माझी कीव करून मिठाई खायला दिली आणि गावी निघून गेला.

मागच्या पडक्या शेडमध्ये काही पहार-फावडं मिळतंय का बघायला आबा शिरले आणि एक विचित्र लाकूड ओढत बाहेर आले. माणसाच्या उंचीचा, दोनदा वळण घेतलेला दांडा, त्याला मध्येच दोन मुठी, आणि खालच्या टोकाला काटकोनात बसवलेलं, हातभर लांब, तलवारीसारखं पण आतून धारेचं पातं. सगळं गंजलेलं.

"होडीचं वल्हं दिसतंय," आबा म्हणाले.

मी मात्र ते ओळखलं. कॉलेजात आमच्या इंग्रजीच्या पुस्तकात एक चित्र होतं. लांब दाढीचा म्हातारा काळपुरुष, एका हातात वाळूचं घड्याळ, दुसऱ्या हातात हेच. इंग्रजीत त्याला साइद म्हणतात हेही मी आबांना सांगितलं. शिक्षण असं अवचित उपयोगी पडतं.

"म्हंजे यमाचं हत्यार हाय हे?"

"यमाचं नाही हो. साहेब लोक यानं गवत कापतात. उभं राहून, वाकायचं नाही."

"उभं ऱ्हाऊन?" आबांनी पात्यावरून अंगठा फिरवला. माणूस ओळखीचा निघाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "आरं, ह्यो तर वस्तरा हाय. साहेबाचा मोठा वस्तरा."

घरात त्याला दुसरं नाव पुढं कधी पडलंच नाही.

पहिला प्रयोग मी केला. कुऱ्हाडीसारखा दांडा उचलला आणि घातला घाव. पात्याचं टोक जमिनीत रुतलं, दांडा जागच्या जागी थांबला, मी मात्र पुढं गेलो. उठून पाहतो तर शेजारचे पोस्टमास्तर त्यांच्या ओसरीवर चहा पीत बसलेले.

या पोस्टमास्तरांबद्दल सांगायला हवं. निवृत्त झालेले, विधुर, गोल चेहऱ्याचे. आमच्या दोन घरांमधली भिंत कधीच पडली होती, त्यामुळं त्यांना आमचं घर म्हणजे फुकटची जत्रा होती. मी मराठी आहे कळल्यापासून ते मला 'बर्गीबाबू' म्हणत. बर्गी म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी नागपूरकडून बंगालवर चालून गेलेले मराठे घोडेस्वार. त्यांची भीती घालून बंगाली आया अजून पोरांना झोपवतात. माझ्या पूर्वजांनी त्या घोडेस्वारांच्या फार तर दाढ्या केल्या असतील, हे मी त्यांना सांगून पाहिलं होतं, पण उपयोग झाला नाही.

"की होलो, बर्गीबाबू?" ते ओरडले. काय झालं म्हणून. आणि मग हिंदीत, आबांनाही कळावं म्हणून, "पहले आप लोग हमारा धान लूटा, अब मिट्टी भी ले जायगा?"

दुसरा, तिसरा, चौथा घावही मातीतच गेला. आबा पायरीवर बसून हसत होते. माझ्या लक्षात आलं की मुठी माझ्या छातीशी येतायत. साहेब उंच असणार, त्याच्या मापानं त्या बसवलेल्या. जवळून पाहिलं तर प्रत्येक मुठीत एक पाचर होती. ती ठोकून काढली, मुठी खाली सरकवल्या, एक कमरेपाशी आणि दुसरी तिच्यापासून हातभर अंतरावर, पुन्हा पाचरी मारल्या. आता पातं आपोआप जमिनीला समांतर आलं. हे मला सुचलं, आबांना नव्हे, एवढी नोंद राहावी. कारण यापुढचं सगळं श्रेय आबा स्वतःकडे घेत आणि ते सांगण्याइतका आवाज त्यांना देवानं दिला होता.

धार लावण्याच्या कामाला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. आधी विटेच्या तुकड्यानं गंज घासला. मग धोकटीतला निसणा काढला, वस्तऱ्याला धार लावायचा गुळगुळीत काळा दगड. तो एवढासा आणि पातं हातभर. आबा मांडी घालून बसले, पातं गुडघ्यावर आडवं घेतलं, दगडावर पाण्याचे थेंब टाकले आणि टाचेपासून टोकापर्यंत, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, हळूहळू सरकत निघाले. ते संपल्यावर चामड्याचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधून त्यावर पातं परजायला लागले. वस्तरा पट्ट्यावर उलटसुलट फिरवताना चट्‌चट् असा आवाज येतो. या पात्याचा आवाज सतरंजी झटकल्यासारखा येई. त्यांनी अंगठ्याच्या नखावर धार अडते का पाहिलं, समाधान झालं नाही, पुन्हा निसण्यावर गेले. असं तीनदा.

"आबा, दसरा जवळ आलाय. कामाला कधी लागायचं?"

"धार हेच काम हाय. म्होरं नुसता हात फिरवायचा असतोय."

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी माझा हात धरला, मनगटापासून कोपरापर्यंत ते अजस्र पातं अलगद फिरवलं, आणि माझ्या हातावर एक केस राहिला नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी विचारलं, "हाताला भाजलं काय?" मी हो म्हणालो. सगळं समजावून सांगायला तेवढा वेळ कुठला.

पूजेची सुट्टी लागली आणि आम्ही पहाटे आवारात उतरलो. आबांच्या हातात पाण्यानं भरलेली बादली आणि तांब्या.

"हे कशाला?"

"कोरडी हजामत करनारा न्हावी मार खातोय," असं म्हणून ते गवतावर पाणी शिंपडायला लागले.

मी म्हटलं, "आबा, खाली बघा. दव पडलंय. आपोआप भिजलंय सगळं."

त्यांनी खाली पाहिलं, धोतराचा ओला काठ पाहिला, आणि उरलेलं पाणी फेकून न देता माझ्या पायांवर ओतलं. पण त्यांचं मूळ म्हणणं बरोबर होतं. ओलं गवत पात्यासमोर लवत नाही, उभं राहतं आणि कापलं जातं. ऊन चढून दव वाळलं की तेच गवत पातं आलं की वाकून नमस्कार करतं आणि पातं गेलं की पुन्हा उभं राहतं, आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कसारखं.

मग त्यांनी मागून माझी मनगटं धरली. "हानू नगंस. फिरव. पातं भुईला टेकूनच ऱ्हाऊ दे. टोक जरा वर. गालावर वस्तरा कधी उभा धरत्यात व्हय? झोपव त्याला. आता कमरंतनं वळ. हात जागच्या जागी."

मी उजवीकडून डावीकडं वळलो. पातं जमिनीवरून अर्धचंद्र काढत गेलं आणि एक लांब, ओला, कापड फाटल्यासारखा आवाज झाला. टाकळा, आघाडा, कचू, सगळे एका रांगेत डाव्या बाजूला आडवे झाले. माझ्यासमोर हातभर रुंद स्वच्छ पट्टा होता. बी.ए.चा निकाल लागला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. निकालाच्या वेळी मनात शंका होती, इथं गवत समोर पडलेलं दिसत होतं.

"आता पाऊल म्होरं," आबा म्हणाले. "गिऱ्हाइकाकडं बघून हसत बसू नगंस."

आनंद फार टिकला नाही. साहेबानं फुलांच्या वाफ्यांना तिरप्या विटांचा काठ बांधला होता आणि तो गवतात बुडाला होता. खट्ट! पात्याला भोक पडल्यासारखी खाच पडली. आबांनी पातं मांडीवर घेऊन असा श्वास सोडला की पोस्टमास्तर उठून उभे राहिले. पुन्हा निसणा, पुन्हा पट्टा, पुन्हा सतरंजी. विटा मी काठीनं ठोकून शोधल्या आणि खुणा केल्या, तरी अडचण गेली नाही. आबांची धार इतकी तलम होती की काशाचं जाड खोड लागलं तरी तिची कड दुमडायची. थोडं कापलं की धार गेली, की आबांचं पट्ट्यावर अर्धा तास.

एकदा आबा आंघोळीला गेले असताना मी वैतागून शेडमधला एक खरखरीत, वाळूच्या दगडाचा तुकडा घेतला, उभ्या उभ्याच पात्याच्या दोन्ही बाजूंनी पाच-सहा हात मारले आणि कापायला लागलो. पातं काशात शिरलं ते थेट पलीकडंच निघालं. खरखरीत दगडानं धारेला बारीक बारीक दात आले होते आणि ते गवताला पकडत होते.

आबा पंचा गुंडाळून आले, पातं हातात घेतलं, अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरात चपला घालून शिरलो.

"खरबरीत वस्तरा? माज्या घरात?"

"आबा, दाढीचा केस सगळा एका जातीचा. इथं शंभर जातीच्या दाढ्या आहेत."

"गिऱ्हाईक काय म्हनंल?"

"हे गिऱ्हाईक ओरडत नाही."

"तू बी.ए. झालास ते वस्तरा बिगडवायला व्हय रं?"

"बी.ए. झालो म्हणूनच दिसलं."

यावर आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं. पण काम चालू राहिलं, कारण दसरा थांबणार नव्हता. पहाटे आबा पट्ट्यावर धार चकचकीत करून माझ्या हातात देत. मी ती घेऊन कोपऱ्यापलीकडं जाई, दगड मारून ती बिघडवी आणि भराभर कापत सुटे. संध्याकाळी आबा पातं तपासून मान हलवत आणि कापलेलं आवार पाहून मिशीत हसत. दोन्ही गोष्टींचा संबंध त्यांनी जोडला असावा. बोलून मात्र दाखवला नाही.

मधल्या काशाच्या बेटापर्यंत आलो तेव्हा पोस्टमास्तर पडक्या भिंतीवरून धावत आले. काशाला पांढरे तुरे आले होते. बंगाली माणसाला तो तुरा दिसला की पूजा आल्यासारखी वाटते. त्यांनी दोन्ही हात पसरले, "काश मत काटिये, बर्गीबाबू! मा आ रही है!" डोळ्यांत पाणी. मी आबांना अर्थ सांगितला. आबांनी विचार केला आणि म्हणाले, "शेंडी ठेवू की." चहूबाजूंनी साफ करून मध्ये एक गोल झुबका त्यांनी राखून ठेवला. लांबून पाहिलं तर आवार मुंज झालेल्या बटूसारखं दिसे.

पुढच्या निम्म्या आवाराला, म्हणजे तळ्याच्या बाजूला, आम्ही हात घालणार तोच खंडेनवमी आली. सकाळी उठून पाहतो तो धोकटीतले दोन वस्तरे, कात्री, नखं काढायची नराणी, निसणा, सगळं पाटावर मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं. आणि त्यामागं भिंतीला टेकून, झेंडूचा हार घातलेला साहेबाचा मोठा वस्तरा.

"आबा, उद्या संध्याकाळी त्यांची गाडी येतेय! अर्धं रान उभं आहे!"

"आज हत्याराला हात लावायचा न्हाय."

"बायको-पोर परत जातील, कळतंय का?"

"तुजा सासरा बी न्हावीच हाय, दुकान घातलं म्हनून काय झालं? त्यानं आज वस्तरा उचलला असंल तर मी बी उचलतो. इचार तार करून."

सासरे तर एव्हाना गाडीत होते, आणि पूजेत तार तरी कुणी नेली असती? पूर्ण दिवस आम्ही ओसरीवर बसून राहिलो. दूर मांडवात पूजेचे ढोल, ढाक, वाजत होते. समोर अर्धं आवार हजामत झालेलं, अर्धं दाढी वाढलेलं. मी दर घटकेला उठून तळ्याकडं बघून येई, तेवढ्यात रान आणखी वाढलंय असं वाटे.

दसऱ्याला उजाडताच आबांनी पूजा उचलली आणि पातं पट्ट्यावर घातलं. कामाला लागणार तोच पोस्टमास्तर आले, गाल खाजवत. त्यांचा नापित पूजेला गावी गेला होता, आणि संध्याकाळी विसर्जनानंतर सगळ्या ओळखीच्यांना मिठी मारायची असते. असे खुंट वाढलेले गाल घेऊन कुणाला मिठी मारणार? आबांनी धोकटी उघडली, फेस केला, त्यांना स्टुलावर बसवलं. पोस्टमास्तरांचं लक्ष मात्र पट्ट्याकडं होतं. ते मला बंगालीत म्हणाले, "तुमचे वडील या तलवारीला इतकं घासतात. कापते मात्र गवतच."

मी भाषांतर अगदी प्रामाणिकपणे केलं.

आबांनी हातातला वस्तरा मिटला. दांड्याचं कडं सैल करून मोठं पातं काढलं, त्याच्या शेपटाला पंचा गुंडाळला आणि पोस्टमास्तरांची हनुवटी दोन बोटांनी वर केली. "त्येंना सांग, हसायचं न्हाय."

मी सांगितलं. पोस्टमास्तरांच्या आयुष्यात ते बहुधा पहिल्यांदाच हसले नाहीत. आबांनी पातं आडवं झोपवलं आणि कानापासून खाली, श्वास सोडावा तसं आणलं. फेसाचा पट्टा निघून आला, खाली गुलाबी गाल. पातं इतकं लांब की त्याचं टोक पलीकडं वीतभर बाहेर होतं. मी त्या टोकाकडंच बघत होतो, म्हणून फाटकाशी थांबलेली टॅक्सी मला दिसली नाही.

सासरे सकाळच्याच गाडीनं आले होते. तसं कळवलेलं पत्र पूजेच्या सुट्टीत टपालात पडून होतं. काळा कोट, टोपी, हातात छत्री. त्यांच्यामागं बायको, तिच्या कडेवर मुलगा. त्यांनी जे पाहिलं ते असं. जंगलाच्या कडेला त्यांचे व्याही एका भेदरलेल्या बंगाली गृहस्थाच्या मानेशी तलवार धरून उभे, आणि जावईबापू शेजारी उभं राहून शांतपणे बघतायत.

"सामान उतरवू नका!" ते ड्रायव्हरवर ओरडले. "गाडी थांबवून ठेवा!"

आबांनी मान वळवली नाही. चालू दाढीत मान वळवायची नसते. "या व्याहीबुवा. एक गाल ऱ्हायलाय."

सासरे तरातरा आले. रागानं काही बोलणार तोच त्यांची नजर पोस्टमास्तरांच्या झालेल्या गालावर पडली. ते थबकले. वाकले. दोन बोटं गालावरून वर नेली, मग खाली.

"जबड्याखाली खुंट राहिलाय," ते म्हणाले.

"कुटं?"

"इथं. बोट लावा."

"त्यो तीळ हाय!"

"खुंट आहे. तुमचा हात उचलला गेला इथं. आमच्या दुकानात चाललं नसतं."

"तुमच्या दुकानात ह्येवढ्या पात्यानं करा बरं दाढी!"

सासऱ्यांनी छत्री माझ्या हातात दिली, कोट काढून स्टुलाच्या पायाशी ठेवला आणि बाह्या सरसावल्या. दुसरा गाल त्यांनी केला. पोस्टमास्तरांनी डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते, बहुधा दुर्गेचं नाव. टॅक्सीवाल्यालाही पूजा होतीच. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, मग सामान फाटकात उतरवून मुलाच्या गालाला हात लावला आणि निघून गेला. बायको मुलाला घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अहो, हे रोज असं असतं का?"

"नाही," मी म्हणालो. "काल सुट्टी होती."

मुलानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि भोकाड पसरलं. पण या वेळी तो जागा होता.

सासरे राहिले, पण निकाल त्यांनी राखून ठेवला. दुपारी आवार फिरून पाहिलं. शेंडीपाशी थांबून म्हणाले, "कल्ले नीट काढले नाहीत." तळ्याच्या काठी मात्र छत्रीचं टोकही पुढं करेनात. "इथं काय काय असेल कोण जाणे. रांगतं पोर आहे." पुढचे दिवस त्यांनी आणि आबांनी आळीपाळीनं उरलेलं रान कापलं, आणि एकमेकांच्या धारेला नावं ठेवण्यात दोघांची भूक वाढली. शेवटी तळ्याच्या काठचा एक पट्टा उरला. जायच्या दिवशी पहाटे सासरे मला म्हणाले, "जावईबापू, व्याहीबुवा आता म्हातारे. मी दुपारी निघालो. उद्या पुन्हा वाढेल ते कोण कापणार? हा पट्टा तुम्ही एकट्यानं कापा. माझ्या डोळ्यांदेखत. मग मुलीचं बघू."

परीक्षा मी बऱ्याच दिल्या होत्या, पण इतके परीक्षक कधी नव्हते. डावीकडं आबा, उजवीकडं सासरे, भिंतीवर चहाचा कप घेऊन पोस्टमास्तर, ओसरीवर मुलाला मांडीवर घेऊन बायको. आबांनी रात्री पट्ट्यावर परजून ठेवलेली, आरशासारखी धार माझ्या हाती दिली. मी दोन पावलं कापलं आणि थांबलो. सगळ्यांच्या समोर खिशातून खरखरीत दगड काढला.

"आँ?" सासरे म्हणाले.

आबा माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला. "करू द्या त्याला. ह्या कामात तसंच लागतंय. मीच सांगितलं त्याला."

मी दगड मारला, पाय फाकवले, कमरेतून वळलो. पातं गात गेलं. पाऊल, वळण, पाऊल, वळण. पाण्याच्या काठाशी शेवटचा फेर घेतला आणि पडलेल्या गवतातून एक धामण, माझ्या मनगटाएवढी, शांतपणे बाहेर आली. सासऱ्यांच्या आणि माझ्या मधून सरळ निघाली.

सासरे कापलेल्या गवताच्या ढिगावर होते. कसे चढले ते कुणी पाहिलं नाही. आबांनी पातं माझ्या हातून घेतलं. पोस्टमास्तर भिंतीच्या पलीकडं गेले, कप अलीकडंच राहिला. धामण तळ्यात उतरली, पाण्यावर एक नक्षी काढत पलीकडच्या काठाला गेली आणि दिसेनाशी झाली.

ओसरीवर बायको जागची हलली नव्हती.

"दादा, गेली ती," ती आपल्या वडिलांना म्हणाली. "खाली उतरा. नाहीतर तुमची गाडी चुकेल. मी भाकरी बांधून ठेवल्यात."

"भाकरी? किती जणांच्या?" सासऱ्यांनी ढिगावरूनच विचारलं.

"एकाच्या," ती म्हणाली आणि मुलाला खाली सोडलं. तो कापलेल्या पट्ट्यावरून माझ्याकडे रांगत निघाला.